वामनदादा कर्डक : गाण्यातच सही करणारा लोककवी

दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटवर भीमगीते घुमतात. ही परंपरा घडवणाऱ्यांत मोठे नाव वामनदादा कर्डक यांचे.

लिहायला कसे शिकले?
जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी (ता. सिन्नर, जि. नाशिक). शाळा नाही. मुंबईत मजुरी करताना कुणीतरी पत्र वाचायला दिले. वाचता आले नाही. ती खंत मनाला लागली. मग अक्षरे गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचून सराव केला.

गाणी कशी पोहोचली?
१९४३ मध्ये पहिले गाणे रचले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार घेऊन ते गावोगाव फिरले. शब्द त्यांचे, गळाही त्यांचाच. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले. त्याच्या कितीतरी आधी ही गाणी वस्त्यावस्त्यांत पाठ होती.

गाणे त्यांचे, हे कसे ओळखाल?
शेवटच्या कडव्यात बहुधा ‘वामन’ येतो, अभंगात ‘तुका’ येतो तसा. १५ मे २००४ रोजी ते गेले. आज मोबाइलवर फिरणाऱ्या अर्धवट क्लिपमध्ये गायकाचे नाव असते, कवीचे गळते. म्हणून गाणे शेवटपर्यंत ऐका. सही तिथेच आहे.