बोटवाले शेठ : वालचंद हिराचंद

मंडळी, दुक्मबद्दल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फक्त ऐकलेले असेल. मस्कतहून दक्षिणेला साधारण साडेपाचशे किलोमीटर, अल वुस्ता भागातले हे एकेकाळचे कोळ्यांचे गाव. आता इथे बंदर आहे, रिफायनरी आहे आणि २०११ साली सुरू झालेला ड्रायडॉक आहे. त्याच्या दोन गोद्या प्रत्येकी ४१० मीटर लांब. आमचे काम कॉम्प्युटरवरचे, जहाजांशी तसा काही संबंध नाही. पण एवढी मोठी जहाजे दुरुस्तीला आलेली येता-जाता दिसतात, तेव्हा सांगलीच्या ज्या कॉलेजातून मी कॉम्प्युटर इंजिनिअर झालो, त्याला ज्यांचे नाव आहे त्या वालचंद शेठांची आठवण होते. चार वर्षे ते नाव आम्ही प्रत्येक जर्नलवर लिहीत होतो, पण माणूस कोण होता हे कळले ते नंतर वाचून. तेच या अंकात थोडक्यात सांगतो.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणे मूळचे गुजराती, जैन. धंदा सावकारी आणि कापसाचा. शिक्षणासाठी मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज झाले, पण पदवी काही हाती लागली नाही. घरच्या पेढीवरही त्यांचे मन रमेना. मग गाठ पडली लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी. फाटक रेल्वेत कारकून होते, नोकरी सोडून कंत्राटे घेऊ लागले होते. एकाला कामाची माहिती, दुसऱ्याकडे भांडवल उभे करायची ताकद. बार्शी लाइट रेल्वेच्या मातीकामाने या जोडीची सुरुवात झाली. पुढे भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, तानसाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या पाइपलाइनी अशी मोठमोठी कामे वालचंदांनी केली. १९२६ साली सुरू झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही त्याच धंद्याची वाढ.

एवढ्यावर थांबले असते तरी सात पिढ्या बसून खातील एवढे कमावले होतेच की. पण १९१९ साली त्यांनी एक जुनी बोट विकत घ्यायचे ठरवले.

या बोटीची कथा मोठी गमतीची आहे. ती मूळची कॅनडियन पॅसिफिक रेल्वे या कंपनीची. कॅनडाच्या या रेल्वे कंपनीने पूर्वेकडच्या प्रवासासाठी स्वतःच्या बोटी ठेवल्या होत्या, आणि १८९१ पासून ही बोट 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने व्हँकुव्हर ते हाँगकाँग फेऱ्या मारत होती. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती घेतली, 'लॉयल्टी' असे नाव ठेवले आणि जखमी सैनिकांसाठी तिचे इस्पितळ केले. युद्ध संपल्यावर वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी ती विकत घेतली. कंपनीचे नाव शिंद्यांवरून पडले, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. भारतात दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस पाळतात, तो यामुळेच.

यात धोका काय होता, ते आज सहजी लक्षात येत नाही. भारताच्या किनाऱ्यावरची वाहतूक तेव्हा जवळजवळ सगळी ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होती. कोणी देशी माणूस बोट घेऊन उतरला की ते भाडे एवढे पाडायचे की समोरच्याचे दिवाळे निघावे. खुद्द जमशेटजी टाटांची बोटींची लाइन अशीच बंद पडली होती. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ साली स्वदेशी कंपनी काढली. ते तुरुंगात गेले आणि कंपनी मोडली. हे सगळे डोळ्यासमोर असताना वालचंद पुढे गेले.

आणि व्हायचे तेच झाले. 'लॉयल्टी' जुनी, खर्चिक. १९२३ साली ती मोडीत निघाली. रंगूनच्या तांदळाच्या वाहतुकीत ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे पाडले. तिचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांनी सिंदिया विकत घ्यायचीही तयारी दाखवली, ती सिंदियावाल्यांनी नाकारली. शेवटी १९२३ साली दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने किनाऱ्यावर फक्त माल न्यायचा, प्रवासी नाही, आणि बोटींच्या टनांवरही मर्यादा. ही शरणागती होती असे कोणी म्हणेल. मला मात्र तो शहाणपणा वाटतो. आधीच्या कंपन्या बुडाल्या, ही जिवंत राहिली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेल्यावर वालचंद अध्यक्ष झाले. पुढे सिंदियाने हजच्या यात्रेकरूंसाठी बोटी चालवल्या, आणि कोकणच्या आगबोटींची बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही तिच्याकडे आली.

बोटी चालवायच्या तर त्या आपल्याकडेच बांधल्याही पाहिजेत, हा त्यांचा पुढचा ध्यास. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्र प्रसादांच्या हस्ते जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. दुसऱ्याच वर्षी तिथे जपानी बॉम्ब पडले. तरी काम पुरे झाले आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरली. दरम्यान १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगलोरला विमानाचा कारखाना निघाला होता, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत आपण सगळेच बसलोय, ती याच कंपनीची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली. आणि रावळगावच्या गोळ्या? तो साखर कारखानाही वालचंदांचाच, १९३३ चा. इंदापूरजवळच्या वालचंदनगरला तर गावालाच त्यांचे नाव मिळाले.

आता हिशेब मांडू. विमानाचा कारखाना युद्धात, १९४२ साली, सरकारकडे गेला. त्याचेच आज हिंदुस्थान एरोनॉटिक्स आहे. जहाज कारखाना १९५२ पासून सरकारच्या ताब्यात जाऊ लागला आणि १९६१ मध्ये पूर्ण सरकारी झाला. सिंदियाच्या बोटी आज समुद्रात नाहीत. रावळगावच्या गोळ्यांचा ब्रँडही २०२४ साली दुसऱ्या उद्योगसमूहाने घेतला. १९४९ साली शेठजींना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचे निधन झाले. म्हणजे मालकी म्हणाल तर बरीचशी हातून गेली. पण बंगलोरला विमाने अजून बनतात, विशाखापट्टणमला जहाजे अजून बांधली जातात, आणि ती बांधणारी माणसे तिथेच शिकून तयार होतात.

आपण परदेशातली मंडळी बहुतेक दुसऱ्यांच्या प्रोजेक्टवर राबतो. प्रोजेक्ट संपले की हँडओव्हर देऊन पुढे निघतो, मागे आपले नाव राहत नाही. त्याचे वाईट वाटू नये असे मला शेठजींचे चरित्र वाचून वाटू लागले आहे. आपल्या मागे तिथल्या चार पोरांना ते काम येत असले, तर बरेच काही मागे राहिले म्हणायचे. आपल्या मंडळाचेही तसेच आहे. सुरू करणारे बदलीवर गेले, नवे आले, आणि गणपती आणि दिवाळी अंक चालूच आहेत.

असो. दुक्मच्या किनाऱ्यावरून सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!