सरकारला जाब विचारणारे नामदार गोखले

आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक जुना कागद जपून ठेवलेला असतो. मूळ कागद फिजीच्या किंवा मॉरिशसच्या दफ्तरात असतो; घरी असते ती त्याची प्रत. त्यावर पणजोबांचे किंवा पणजीचे नाव, बापाचे नाव, वय, जिल्हा, गाव असे लिहिलेले असते. हा गिरमिटाच्या वेळचा कागद. ऑकलंड, वेलिंग्टनकडे येऊन स्थिरावलेली आपली कुटुंबे आज त्यावरून आपले मूळ गाव शोधतात. पण ज्या काळी माणसांना असे कागदावर बांधून जहाजात चढवले जात होते, त्याच काळी सरकारच्याच दफ्तरातले आकडे सरकारपुढे ठेवून ही पद्धत बंद करा असे सांगणारा एक मराठी माणूस कलकत्त्याच्या कायदेमंडळात बसला होता. त्यांचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. आगमनाच्या शताब्दीला पूर्वजांच्या जोडीने त्यांचेही स्मरण करणे आपले कर्तव्य आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांपैकी अनेकांचे गाव याच जिल्ह्यात होते. गोखल्यांचे वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागलला नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. एका भावाने थांबावे आणि दुसऱ्याने शिकावे, ही गोष्ट आपल्या घरांना काही नवी नाही. गोपाळरावांनी त्या आठ रुपयांची जाण ठेवली. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले, तेव्हा त्यांना अठरा वर्षे पूर्ण झाली होती.

मोठ्या पगाराच्या नोकरीकडे न वळता ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात १९०२ पर्यंत त्यांनी शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून फार चालले. आकड्यांची ही ओढ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात पक्की झाली. रानडे त्यांचे गुरू. सरकारी अहवाल, जमाखर्च, शिरगणती हे सगळे वाचायचे, पडताळायचे आणि मगच लेखणी उचलायची, ही रानड्यांची शिस्त होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे काम करताना गोखले याच शिस्तीत तयार झाले.

तरीही एकदा त्यांची मोठी चूक झाली. १८९७ साली भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते लंडनला गेले होते. ती साक्ष उत्तम झाली. पण त्याच वेळी पुण्यात प्लेगचा कहर चालू होता आणि घराघरांतून तपासणी करणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या वागण्याविषयी त्यांना पुण्याहून पत्रे आली. त्या पत्रांवर विसंबून त्यांनी विलायतेतल्या वर्तमानपत्रात गंभीर आरोप केले. परत आल्यावर ते आरोप पुराव्याने सिद्ध करता येईनात. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणेही त्यांना शक्य नव्हते. शेवटी त्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांच्यावर फार टीका केली आणि हा घाव त्यांना बरीच वर्षे सलत राहिला. लोकांचे हाल खरे असले तरी हातात पुरावा नसेल तर सत्तेपुढे उभे राहता येत नाही, हा धडा मात्र ते शिकले. पुढे गिरमिटाविषयी बोलताना त्यांनी सरकारचेच कागद पुढे केले.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि थोड्याच काळात व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदेमंडळात. त्या वेळच्या मंडळात सरकारी सभासदांचे बहुमत असे. हिंदी सभासदाला अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांचे अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण झाले. सरकार शिल्लक दाखवून समाधान मानत होते. गोखल्यांनी त्याच अंदाजपत्रकातून दाखवून दिले, की दुष्काळाने खंगलेल्या रयतेवर जरुरीपेक्षा जास्त कर लादल्यामुळे ही शिल्लक पडते. मिठावरचा कर कमी करा, ही मागणी त्यांनी लावून धरली. तेव्हा एका मणाला अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे श्रेय एकट्या गोखल्यांचे नाही, पण दरवर्षी हिशेब मांडून सरकारला उत्तर द्यायला लावणारा आवाज त्यांचा होता.

डिसेंबर १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने सरकारी गुपितांचा कायदा अधिक कडक करणारे विधेयक आणले. पूर्वी हा कायदा मुख्यतः लष्करी बाबींसाठी होता. आता मुलकी कारभाराची माहिती छापणाराही त्यात सापडणार होता. गोखल्यांनी त्याला कडाडून विरोध केला. या देशात लोकांना मत नाही, सरकारला जाब विचारणारी लोकसभा नाही. वर्तमानपत्रांतून बाहेर येणारी माहिती हाच रयतेचा एक आधार आहे आणि तोही काढून घेतला तर अधिकाऱ्यांवर कोणाचीच नजर राहणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. विधेयकात थोडे बदल झाले, पण मार्च १९०४ मध्ये ते मंजूर झालेच. बहुमत सरकारचे होते.

जून १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षअखेर बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले. विलायतेला जाऊन भारतमंत्री मोर्ले यांच्याशी त्यांनी सुधारणांविषयी पुन्हा पुन्हा बोलणी केली. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी देशाला स्वराज्य दिले नाही, आणि त्यातले विभक्त मतदारसंघ पुढे फार महाग पडले. टिळकांच्या पक्षाला गोखल्यांचा हा मवाळ मार्ग पसंत नव्हता. परंतु या सुधारणांतून दोन हक्क मिळाले. सभासदाला कायदेमंडळात ठराव मांडता येऊ लागला, आणि आपल्या प्रश्नाला सरकारने दिलेले उत्तर अपुरे वाटले तर पुढचा प्रश्न विचारता येऊ लागला.

हा ठराव मांडण्याचा नवा हक्क हाती येताच गोखल्यांनी तो आपल्या पूर्वजांसाठी वापरला.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी नाताळकडे गिरमिटिया मजूर पाठवणे बंद करण्याचा ठराव मांडला. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीला आपले मजूर हवे होते, पण करार संपल्यावर तिथे राहणारा हिंदी माणूस नको होता. म्हणून करार संपवून राहणाऱ्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला होता. हा ठराव सरकारने मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली.

४ मार्च १९१२ रोजी त्यांनी त्याहून मोठा ठराव आणला. फिजी, मॉरिशस, त्रिनिदाद, गियाना, जमैका, कुठलीही वसाहत असो, गिरमिटाची पद्धतच बंद करा, असा तो ठराव होता. सरकारने नेमलेल्या सँडरसन समितीचा अहवाल आणि तिच्यापुढच्या साक्षी छापून आल्या होत्या. समितीने गिरमिटाला अनुकूल मत दिले होते. गोखल्यांनी तिच्याच कागदांतून उलट निष्कर्ष काढून दाखवला. भरतीचे दलाल खेड्यातल्या अडाणी माणसाला खोटे सांगून नेतात. आपण कुठे जातो, किती लांब जातो, कोणाच्या हाताखाली राबायचे, हे त्याला ठाऊक नसते. कामात कसूर झाली तर तो दिवाणी वाद न राहता फौजदारी गुन्हा ठरतो आणि मजूर तुरुंगात जातो. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका नेण्याच्या नियमामुळे घरसंसार उद्ध्वस्त होतात. मजुरांवरचे खटले आणि आत्महत्या यांचे आकडेही त्यांनी पुढे ठेवले. आपल्या आजी-आजोबांनी जे फार थोडे आणि दबक्या आवाजात सांगितले, ते अशा रीतीने राजधानीत, सरकारी इतिवृत्तात नोंदले गेले.

ठरावाच्या बाजूने बिनसरकारी हिंदी सभासदांची २२ मते पडली. सरकारी मते जास्त होती आणि ठराव फेटाळला गेला. त्यानंतर पंधरा दिवसांत, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयकही ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. एवढे होऊनही, गिरमिट जाईपर्यंत ही मागणी दरवर्षी सभेपुढे येत राहील, हे त्यांनी सरकारला बजावले होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. गांधीजी सगळा प्रवास त्यांच्याबरोबर होते. मधुमेहाने शरीर पोखरले असतानाही गोखल्यांनी सभा घेतल्या, मजुरांना भेटले आणि मंत्र्यांशी बोलणी केली. तीन पौंडांचा कर जाईल अशा समजुतीने ते परतले. तो शब्द पाळला गेला नाही, तेव्हा १९१३ चा मोठा सत्याग्रह झाला आणि खाणी-मळ्यांतले हजारो गिरमिटिया त्यात उतरले. भारतात पैसा उभा करण्यासाठी गोखल्यांनी जिवाचे रान केले. १९१४ मध्ये तो कर रद्द झाला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखल्यांचे निधन झाले, अवघ्या ४८ व्या वर्षी. गिरमिटाचा शेवट त्यांनी पाहिला नाही. २० मार्च १९१६ रोजी पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच ठराव पुन्हा मांडला, आणि या वेळी सरकारने तो स्वीकारला. फिजीला मजूर नेणारे शेवटचे जहाज त्याच वर्षी लागले, १९१७ मध्ये भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेले करार रद्द झाले. १८७९ पासून तिथे नेलेल्या माणसांची संख्या तोवर साठ हजारांवर गेली होती.

गोखल्यांचे पाऊल न्यूझीलंडला कधी लागले नाही. परंतु भारत सेवक समाजात त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये इथे आले आणि इथल्या हिंदी लोकांच्या हक्कांविषयी सरकारशी बोलले. पुढे १९८७ नंतर फिजीतून आलेल्या आपल्या कुटुंबांनी, मत असूनही राज्य हातचे कसे जाते, ते स्वतः अनुभवले आहे.

ज्या देशात आपण आज आहोत, तिथे १९८२ च्या अधिकृत माहिती कायद्याने सरकारी गुपितांचा जुना कायदा रद्द केला. इथे राहणारा कोणीही सरकारी खात्याकडे माहिती मागू शकतो आणि खात्याला साधारणपणे कामाच्या वीस दिवसांत निर्णय कळवावा लागतो. भारतात असा देशव्यापी हक्क २००५ मध्ये आला. १९०४ साली जो मुद्दा मांडून गोखले हरले, तो असा पुढच्या पिढ्यांना मिळाला.

या शताब्दीच्या निमित्ताने आपल्या मुलांना पणजोबांचा पास दाखवताना गोखल्यांची गोष्टही सांगावी. आपल्या माणसांचे हाल सरकारी आकड्यांतून वाचून दाखवणारा एक मास्तर होता, तो ठरावाच्या दिवशी हरला, आणि चार वर्षांनी त्याचा ठराव जिंकला. मुलांना हेही सांगावे, की सरकारी दफ्तरात आपल्याविषयी काय लिहिले आहे ते मागण्याचा हक्क आता त्यांच्या हाती आहे. तो वापरायला शिकवणे हे आपल्या पिढीचे काम.