जिवंत पेशींच्या सोबतीत : डॉ. कमल रणदिवे

जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आपण कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवतो, आयोडीनचा थेंब सोडतो आणि पेशी पाहिल्याच्या समाधानात वही पुरी करतो. रंगवलेली ती पेशी बहुधा मेलेली असते. तिचा खरा व्यवहार पाहायचा, तर तिला शरीराबाहेर काचपात्रात जगवावे लागते. ही विद्या आपल्या देशात रुजविली ती डॉ. कमल रणदिवे यांनी.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही केले नाही! हुजूरपागा व फर्ग्युसन येथील शिक्षणानंतर १९३९ मध्ये त्यांनी गणिताचे अभ्यासक जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह केला. १९४३ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या, विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. पुढे मुंबईस टाटा रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळविली.

नंतर त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या अर्बुदातील पेशी याच प्रयोगशाळेत कायमच्या जगल्या. परत आल्यावर कमलाबाईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. निर्जंतुक हवा, ३७ अंश तापमान, रक्तद्रवयुक्त खाद्य. यांपैकी एक चुकले तरी आठवड्यांचे श्रम वाया जात.

त्यांचा ध्यास होता स्तनाच्या कर्करोगाचा. उंदरांत तो आईच्या दुधातून पिलांकडे जाऊ शकतो, हे बिटनर यांनी १९३६ मध्येच दाखविले होते. दुधातला तो घटक विषाणू निघाला. तो आपल्या आरएनएवरून डीएनए घडवितो आणि पेशीच्या गुणसूत्रात घुसवितो. विषाणू, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांचा परस्परसंबंध कमलाबाईंनी उंदरांवर चिकाटीने तपासला.

परका डीएनए पेशीत शिरतो तरी कसा? दोघांचाही पृष्ठभार ऋण, म्हणजे मुळात वैरच! १९७३ मध्ये कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांवर बसवून तो आत पाठविण्याची युक्ती निघाली. आता बदल केलेल्या डीएनए रेणूला चमकता रंग जोडून जिवंत पेशी त्याला कशी गिळते, हे सूक्ष्मदर्शकातून पाहता येते. बहुतेक रेणू पिशवीतच अडकून विरघळतात, केंद्रकापर्यंत थोडेच पोचतात. हे सारे घडते ते काचपात्रात जगविलेल्या पेशींतच.

१९७३ मध्येच भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात कमलाबाई पुढे होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या घरी बसल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी हाती घेतली. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.