मूठभर धान्याचा नियम : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवन

सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, मुखात अन्नपाणी घ्यावयाचे नाही हा नवकारसीचा नियम आपल्या घराघरांतून लहान मुलेही पाळतात. तितकाच काळ एका आसनावर समभावाने बसणे म्हणजे सामायिक. आज किती पदार्थ खावयाचे, किती वस्तू वापरावयाच्या, कोणत्या दिशेला किती दूर जावयाचे, याची मर्यादा सकाळीच आखून देणारे चौदा नियम अनेक वडीलधारी मंडळी नित्य धारण करतात. यातील एकही नियम डोंगराएवढा नाही. परंतु रोज पाळला जाणारा लहान नियमच माणसाला मोठ्या व्रतापर्यंत घेऊन जातो, हे आपल्या पूर्वाचार्यांनी ओळखले होते. मनात उत्साह असेल त्या दिवशी सत्कार्य कोणालाही जमते. उत्साह मावळलेला असतो त्या दिवशी मात्र नियमच हात धरून पुढे नेतो.

हेच सूत्र समाजकार्यात उतरविणारा एक पुरुष जैन कुळात जन्मला आणि अवघ्या महाराष्ट्राचा झाला. त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांची कर्मभूमी सातारा. आपला जालना परिसर त्या काळी निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला. त्यामुळे त्यांच्या कार्याचा प्रत्यक्ष लाभ तेव्हा आपल्या भागाला झाला नाही. तरीही सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित वाटते. पन्नास वर्षांचा टप्पा गाठलेल्या कोणत्याही संस्थेपुढे एकच प्रश्न उभा असतो : आरंभीच्या पिढीचा उत्साह ओसरल्यावर कार्य कशाच्या बळावर चालवावयाचे? भाऊरावांच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर आहे.

जन्म आणि जडणघडण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर परिसरातील कुंभोज या गावी, त्यांच्या आजोळी झाला. त्यांचे घराणे ऐतवडे बुद्रुक येथील, दिगंबर जैन. वडिलांचे नाव पायगौंडा व मातोश्रींचे नाव गंगाबाई. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने बदलीच्या गावी बिऱ्हाड हलत असे. भाऊरावांचे बालपणीचे काही दिवस विटे येथे गेले. शरीराने धिप्पाड, तालमीची आवड, अन्यायाची चीड आणि पुस्तकी अभ्यासात बेताचीच प्रगती, असा हा मुलगा होता. पुढे ज्यांच्या नावाने शेकडो शाळा उभ्या राहिल्या, त्या भाऊरावांना मॅट्रिकची पायरी कधी ओलांडता आली नाही, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. १९०८च्या सुमारास अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले होते. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होऊनच भोजनास बसावे, असे त्यांना सांगण्यात आले. माणसाच्या सहवासाने माणूस बाटत नाही, ही त्यांची धारणा होती. त्यांनी स्नानास नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. त्या वेळी वसतिगृहाची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. राजर्षी शाहू महाराजांनी या तरुणाला आश्रय दिला.

आपल्याच समाजाच्या वसतिगृहातून आपल्याच समाजाचा मुलगा बाहेर पडला, ही घटना जैन स्मरणिकेत सांगताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती झाकून ठेवली तर पुढच्या घटनेचे मोल कळणार नाही. १९१४ साली कोल्हापुरात एका राजपुतळ्याला डांबर फासले गेले. त्या प्रकरणात लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दबाव आणण्यात आला. ज्या गृहस्थांच्या व्यवस्थेखाली आपल्याला वसतिगृह सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे साफ नाकारले. त्यांना कारावास भोगावा लागला, छळ सोसावा लागला. त्या कोंडीत एका क्षणी जीव नकोसा होऊन त्यांनी तो संपविण्याचाही प्रयत्न केला. दैवयोगाने ते वाचले. सत्य आणि क्षमा या दोन गोष्टी त्यांनी व्याख्यानातून सांगितल्या नाहीत, त्या अशा आचरून दाखविल्या. आणि एवढ्या धीरोदात्त पुरुषालाही निराशेने ग्रासले होते, हे कळल्यावर आपल्या घरातील खचलेल्या माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी अधिक मृदू व्हावी.

मुष्टिफंड

कोल्हापुरातून बाहेर पडल्यावर उपजीविकेसाठी भाऊरावांनी साताऱ्यास शिकवण्या केल्या. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याचे दारिद्र्य, कर्ज आणि अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. नांगर जमीन सुधारील, पण जमीन कसणाऱ्याचे घर शिक्षणावाचून सुधारणार नाही, हा त्यांचा निश्चय या भटकंतीत पक्का झाला.

त्याआधीच, १९०९-१०च्या सुमारास, वारणाकाठच्या दुधगाव येथे त्यांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांसाठी एक आश्रम सुरू करण्यात पुढाकार घेतला होता. मुलांना खाऊ घालावयाचे कसे, हा पहिलाच प्रश्न होता. गावात कोणी धनाढ्य दाता नव्हता. त्यातून मुष्टिफंडाची कल्पना पुढे आली. प्रत्येक घरातील गृहिणीने दळणाच्या वेळी मूठभर धान्य विद्यार्थ्यांसाठी बाजूला काढावे, आणि साठलेले धान्य आश्रमात पोहोचावे, एवढाच तो नियम.

आपल्या जालन्याच्या मोंढ्यात रोज पोत्यांची थप्पी लागते. क्विंटलात हिशेब करणाऱ्यांना मूठ क्षुल्लक वाटेल. म्हणून आपल्या नेहमीच्या पद्धतीने थोडा हिशेब मांडून पाहू. एक मूठ सुमारे पन्नास ग्रॅमची धरली, तर एका घरातून वर्षाला सुमारे अठरा किलो धान्य निघते. शंभर घरांचे अठरा क्विंटल होतात. एका विद्यार्थ्याला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे मानले, तर शंभर घरांच्या मुठीवर दहा विद्यार्थी वर्षभर जेवतात. एवढे होऊनही कोणत्याही घराची चूल विझत नाही, कोणाला कर्ज काढावे लागत नाही.

या योजनेचा खरा लाभ मात्र धान्याच्या राशीहून मोठा आहे. एकदाच मोठी देणगी देणारा दाता पावती घेऊन घरी जातो आणि पुढच्या आवाहनापर्यंत ते कार्य विसरू शकतो. रोज जात्याशी बसून मूठ बाजूला काढणाऱ्या माउलीला मात्र विद्यार्थ्यांचे विस्मरण होऊच शकत नाही. दररोज काही क्षण ती त्या अनोळखी मुलांची आई होते. तिच्या शेजारी बसलेले मूल ते पाहते आणि न शिकवता दान शिकते. प्रेरणा मनात आली म्हणून मूठ निघते असे आपण समजतो. वास्तविक रोज निघणाऱ्या मुठीमुळेच प्रेरणा जिवंत राहते.

रयत शिक्षण संस्था आणि वसतिगृहाची दिनचर्या

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या सुमुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. येथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीला जेवत. ज्या प्रश्नावरून विद्यार्थिदशेत भाऊरावांना वसतिगृह सोडावे लागले होते, त्याचे त्यांनी कोणाशीही वाद न घालता दिलेले हे उत्तर होते.

या वसतिगृहाचे शिक्षण वर्गात जेवढे होई, तेवढेच दिनचर्येत होई. पहाटे उठणे, अंगण झाडणे, पाणी भरणे, स्वयंपाकाला हातभार लावणे, भांडी स्वच्छ करणे, शेतात राबणे ही कामे विद्यार्थी स्वतः आळीपाळीने करीत. कोणतेही काम हलके नाही हे मुलांना सांगावे लागत नसे. हातात खराटा आला की ते आपोआप कळे. ज्या घरात शाळेचे तोंड कोणी पाहिले नव्हते, तेथून आलेली मुले मोठ्या आदर्शांच्या गोष्टींनी कदाचित बुजली असती. रोजच्या ठरलेल्या लहान कामाने मात्र त्यांना धीर दिला. आजचे काम मला जमले, हा अनुभव रोज मिळत गेला की उद्याचा अभ्यासही जमेल असे वाटू लागते.

मुले भाऊरावांना अण्णा म्हणत. अण्णा स्वतः नियमाला सर्वांत आधी बांधलेले असत. अंगावर खादी, खांद्यावर घोंगडी, अनवाणी पाय आणि वाढलेली दाढी अशा वेशात ते गावोगाव हिंडत. हुशार पण निर्धन मुलगा दिसला की त्याला घेऊन येत. त्याचे कुळ ते पाहत नसत.

माउली लक्ष्मीबाई

भाऊरावांच्या चरित्रात लक्ष्मीबाईंचे स्थान असाधारण आहे. त्या संपन्न जैन पाटील घराण्यातील, सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या. विवाहानंतर त्यांच्या स्वयंपाकघरात सर्व जातींची मुले येऊ लागली. जन्मभराचे संस्कार एका रात्रीत गळून पडत नाहीत. तरीही एकेका मुलाला वाढता वाढता ती मुले त्यांचीच झाली. वसतिगृह चालविताना त्यांचे दागिने एकामागून एक गेले. एकदा मुलांसाठी घरात धान्यच उरले नाही आणि भाऊराव गावाला गेलेले. तेव्हा या माउलीने सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्र विकण्यास दिले आणि मुलांना जेवू घातले. १९३० साली त्यांचे निधन झाले. आपल्या श्राविका भगिनींनी या प्रसंगाकडे केवळ त्यागकथा म्हणून पाहू नये. मंगळसूत्र उतरविणारा हात त्याआधी कित्येक वर्षे रोज मुलांना वाढीत होता. त्या सवयीनेच त्याला ते बळ दिले.

संकटांतून विस्तार

पत्नीच्या निधनानंतरही भाऊरावांचे कार्य थांबले नाही. १९३५ साली साताऱ्यात शिक्षक घडविणारे अध्यापन विद्यालय सुरू झाले. लहान गावांतून ऐच्छिक शाळा निघाल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कॉलेजात कमवा आणि शिका ही योजना राबविण्यात आली. विद्यार्थ्याने ठरलेले तास श्रम करावेत आणि त्यातून आपल्या शिक्षणाचा भार उचलावा, अशी ती रचना होती. गांधीजींच्या निर्वाणानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ विद्यालये काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. मध्यंतरी संस्थेचे सरकारी अनुदान बंद झाले. मोठा आधार तुटला, तरी लहान आधार असंख्य होते. गावोगावच्या लोकांनी संस्था तोलून धरली. संत गाडगेबाबांनी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयाला भाऊरावांनी गाडगे महाराजांचेच नाव दिले.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. मॅट्रिकही न झालेल्या या पुरुषाला त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. ९ मे १९५९ रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. २०१९ साली तिने शंभर वर्षे पूर्ण केली.

आपल्यासाठी बोध

वडाचे बी मोहरीएवढे असते. ते कोणी एका दिवसात वाढवीत नाही. भाऊरावांना ज्या समाजाच्या वसतिगृहातून जावे लागले, तोच समाज आज त्यांना अभिमानाने आपले म्हणतो. हा अभिमान पुतळ्याला हार घालून फेडता येणार नाही. त्यासाठी प्रत्येक घराने एखादा मुठीएवढा नियम घ्यावा. स्वयंपाकापूर्वी एक मूठ धान्य बाजूला ठेवावे. दुकानाचे कुलूप उघडताच एक ठरावीक नाणे विद्यार्थ्यांच्या डब्यात टाकावे. रात्री झोपण्यापूर्वी घरातील मुलाबरोबर एक पान वाचावे. आठवड्यातून एकदा तरी ज्या घराशी आपले जाणे-येणे नाही, तेथील मुलाच्या शाळेची विचारपूस करावी. नियम इतका लहान असावा की आजारपणात, मंदीत, दुःखातही तो मोडण्याचे कारण उरू नये. आणि एखादे दिवशी मोडलाच, तर प्रतिक्रमणात आपण जसे मागे वळून पुन्हा स्वस्थानी येतो, तसे दुसऱ्या सकाळी तो पुन्हा सुरू करावा.

सुवर्णमहोत्सवाचा मंडप चार दिवसांत उतरेल, फुले कोमेजतील, ही स्मरणिकाही कपाटात जाईल. पाचव्या दिवशी सकाळी ज्या ज्या घरात एक मूठ बाजूला निघेल, त्या त्या घरात हा महोत्सव चालू राहील. कर्मवीर अण्णा आणि माउली लक्ष्मीबाई यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.