पंडित विष्णु नारायण भातखंडे

मिस्सेच्या वेळी व्हायोलिन वाजविणाऱ्या मुलास पुढे तोच धंदा करावयाचा, तर शाळा कशाला, असा प्रश्न कसाऱ्यातही आमच्या कानी येतो. म्हणून हे चरित्र देत आहोत.

भातखंडे १८६० साली मुंबईस वाळकेश्वरी जन्मले. सतारीचा नाद असताही ते १८८५ त बी. ए. झाले, कायदा शिकले व कराचीस काही काळ वकिलीही केली. पत्नी व कन्या निवर्तल्यावर मात्र ते सर्वस्वी संगीताचे झाले. उस्ताद आपल्या चिजा सहसा घराबाहेर जाऊ देत नसत. मोठ्या चिकाटीने मिळविलेल्या त्या चिजा त्यांनी, वकील साक्षीपुरावा तपासतो तशा, जुन्या संस्कृत ग्रंथांशी ताडून पाहिल्या, आणि राग दहा थाटांत लावले. ही मांडणी सर्वच गवयांस पटली नाही, हेही खरे. तथापि त्यांनी स्वरलिपीसह छापलेल्या चिजा आता कोणासही शिकता येतात. उस्तादाच्या दाराशी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागत नाही.