खेड्यातला संपादक : मुकुंदराव पाटील

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास वाचताना आपण बहुधा मुंबई आणि पुणे या दोन शहरांतच फिरत राहतो. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली मुंबईत निघाले, टिळक-आगरकरांचा 'केसरी' १८८१ साली पुण्यात. हा इतिहास मोठाच आहे. पण पुसेगावहून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्याला त्यात आपले खेडे शोधावेसे वाटते. ते मला मुकुंदराव पाटलांच्या चरित्रात सापडले.

मुकुंदरावांचा जन्म १८८५ सालचा. वडील कृष्णराव भालेकर हे महात्मा फुल्यांचे सहकारी. 'दीनबंधु' हे पत्र त्यांनीच १८७७ साली पुण्यात सुरू केले. मुकुंदराव तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले, पण वडिलांचा वारसा सुटला नाही. १९१० साली त्यांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक सोमठाणे या खेड्यातून काढले आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडीला नेले. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे पत्र त्यांनी १९६७ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल ५७ वर्षे चालविले. शहराचा मोह त्यांनी धरला नाही.

जागा बदलली की बातमीही बदलते, हे या पत्राने दाखविले. सावकाराचे व्याज, कुलकर्ण्याचे दप्तर, पुरोहिताची दक्षिणा हे इथे अग्रलेखाचे विषय झाले. 'कुलकर्णी लीलामृत' तर त्यांनी ओवीत रचले. पोथी ऐकून शहाण्या झालेल्या माणसाला ओवी आपली वाटते, हे त्यांनी ओळखले असावे.

शहरातला संपादक ज्याच्यावर लिहितो, तो त्याला क्वचितच भेटतो. खेड्यात मात्र तो दुसऱ्या दिवशी पारावर समोर उभा असतो. अशा ठिकाणी सत्य लिहायला किती धैर्य लागत असेल, हे आपल्यासारख्या खेड्यातल्या मुलांना वेगळे सांगायला नको.

म्हणूनच संशोधकांना 'दीनमित्र'चे जुने अंक मोलाचे वाटतात. गेल ऑम्व्हेट यांनी ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी या अंकांचा आधार घेतला. सरकारी दप्तरात ज्यांची नोंद शेतसाऱ्यापुरतीच झाली, त्यांचे विचार इथे टिकून राहिले.

आज मोबाईलमुळे गावातला कोणीही क्षणात बातमी पाठवू शकतो. छापखाना नको, टपाल नको. पण ती बातमी तपासून, आपले नाव खाली घालून, वर्षानुवर्षे तिच्या पाठीशी उभे राहणे तेवढेच कठीण राहिले आहे.

मित्रहो, आपल्या तालुक्यातून निघालेली लहानमोठी पत्रे रद्दीत जाण्याआधी कॉलेजच्या ग्रंथालयात जमा झाली पाहिजेत. उद्या आपल्यापैकीच कोणी इतिहास लिहायला बसला, तर त्याला पुराव्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागू नये. मुकुंदरावांना याहून चांगले अभिवादन मला सुचत नाही.

— बी. ए. द्वितीय वर्ष