पाटीवर मुलाचं नाव, आत सगळ्यांच्या घरातला संसार : दिनकर केळकरांची गोष्ट

कोल्हापूर : पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ, शुक्रवार पेठेत एक मोठं वस्तुसंग्रहालय आहे. पाटीवर नाव आहे 'राजा दिनकर केळकर संग्रहालय'. नाव वाचून बऱ्याच जणांना वाटतं, हे कुठल्यातरी संस्थानाचे राजे असणार. आपल्या कोल्हापूरकरांचं तर विचारायलाच नको. राजा म्हटलं की आपल्याला शाहू महाराज अन् न्यू पॅलेस आठवतो.

पण केळकर राजे नव्हते. राजा हे त्यांच्या मुलाचं नाव. एकुलता एक मुलगा, लहान वयातच गेला. आता ती पाटी पुन्हा वाचा. आधी मुलाचं नाव, मग वडलांचं, मग आडनाव. शाळेच्या दाखल्यावर लिहितात तसं. म्हणजे पाटीवर त्या पोराचं पूर्ण नाव लिहिलेलं आहे. शाळेच्या दाखल्यावर जे नाव फार दिवस राहिलं नाही, ते बापानं आयुष्यभराच्या कामावर लावलं.

ते काम कसलं, तर जुन्या घरगुती वस्तू गोळा करायचं.

कवी आणि चष्म्याचा व्यवसाय

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. पुण्यात त्यांचा चष्म्याचा व्यवसाय होता. त्याबरोबर ते कविताही करत. कवितेसाठी त्यांनी टोपणनाव घेतलं होतं 'अज्ञातवासी'. त्यांचे कवितासंग्रह निघाले. दुसऱ्या कवींच्या कविता निवडून त्यांचं संपादन करण्याचं कामही त्यांनी केलं. लोक त्यांना काका केळकर म्हणत.

संग्रहाला सुरुवात झाली १९२० च्या सुमारास. तेव्हा त्यांचं वय चोवीसच्या आसपास. पेशवाई बुडून तोवर शंभर वर्षं झाली होती. सरदारांच्या वाड्यातली मागची पिढी संपली होती, उत्पन्न आटलं होतं, खर्च मात्र चालूच होते. मग घरातल्या वस्तू बाहेर निघायला लागल्या. सोनं-चांदी आधी गेलं. त्यामागून पितळ, तांबं, लाकूड, काच. विकणाऱ्याला चार पैसे मिळाले की झालं, घेणाऱ्याला वजनाशी मतलब.

आपल्याकडं आजही हेच चालतंय, म्हणून हे लगेच समजतं. हंडा, परात, बंब, समई, सगळं एका तराजूत पडतं. नक्षी किती, हात कुणाचा, वय किती, हे तराजूला कळत नाही. तांब्याचा भाव काय एवढंच कळतं. केळकरांनी मात्र तीच वस्तू हातात घेऊन बघितली, की ही कुणी केली असंल, कशासाठी केली असंल.

अडकित्ता, वजरी आणि शेवयाचा साचा

त्या काळी जुन्या वस्तू जमवणारे लोक बहुतेक राजेरजवाडे, साहेब किंवा मोठे शेठ. ते काय घेत? मूर्ती, चित्रं, तलवारी, विलायती काचेची भांडी, हंड्या-झुंबरं. हैदराबादच्या सालारजंगांचा संग्रह असाच नामी आहे. तिथं देशोदेशीचा माल आहे.

केळकरांकडं तेवढा पैसा नव्हता. पण त्यांची नजरच वेगळी होती. त्यांनी अडकित्ते जमवले. पोपटाच्या, घोड्याच्या, माणसाच्या आकाराचे. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण करणाऱ्यानं त्यात जीव ओतलेला. पानाचे डबे जमवले, दौती जमवल्या, कुलपं जमवली. पाय घासायच्या वजऱ्या, केस विंचरायच्या फण्या, कुंकवाचे करंडे. शेवयाचे साचे, झारे, किसण्या. पोरांची खेळणी, गंजिफाचे पत्ते, वाद्यं, कळसूत्री बाहुल्या. दिवे तर किती प्रकारचे, पणतीपासून टांगायच्या दिव्यापर्यंत.

यातली बरीचशी भांडीकुंडी बायकांच्या हातात राहणारी. इतिहासाच्या पुस्तकात लढाई कुणी जिंकली हे असतं. पण त्याच दिवशी घरात दिवा कशात लावला, भाकरीबरोबर कालवण कशात वाढलं, हे कुणी लिहून ठेवत नाही. ते फक्त वस्तूवरून कळतं. साच्याचा दांडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला असतो. तो दांडा बघितला की त्या घरातली बाई कळते.

आणखी एक. हे अडकित्ते, हे दिवे कुणी घडवले त्यांची नावं वस्तूवर नाहीत. तांबट, लोहार, सुतार, कासार, कुंभार. काम राहिलं, नाव गेलं. स्वतः टोपणनावानं लिहिणाऱ्या माणसाला बिननावाच्या कारागिराची कदर वाटावी, हे बरोबरच जुळतं.

दिवसाला एक वस्तू

१९६० पर्यंत संग्रह सुमारे १५,००० वस्तूंवर गेला होता. हिशोब करून बघा. चाळीस वर्षांत पंधरा हजार, म्हणजे वर्षाला पावणेचारशे. सरासरी दिवसाला एक वस्तू. तेही धंदा सांभाळून, संसार सांभाळून. त्यासाठी ते महाराष्ट्रात हिंडलेच, पण गुजरात, राजस्थान, दक्षिणेतही हिंडले. गुजरातचे कोरीव लाकडी दरवाजे, खिडक्या त्यांच्या संग्रहात आहेत. आता अख्खा दरवाजा त्या काळी पुण्यापर्यंत आणणं म्हणजे काय काम असंल, हे ज्यानं तुळई बैलगाडीतनं आणलीय त्यालाच कळंल.

यात पत्नी कमलाबाईंची साथ मोठी. पैसा वस्तूंवर जात होता आणि त्या घरातच येऊन पडत होत्या. वस्तू आणणाऱ्याचं नाव होतं. त्या पुसायच्या, ठेवायच्या आणि त्यातनं वाट काढत संसार करायचा, हे ज्या बाईला करावं लागतं तिचं नाव मागं राहतं. म्हणून ते इथं मुद्दाम लिहिलं.

१९६२ मध्ये संग्रहालय रीतसर उभं राहिलं. मग १९७५ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. एवढा माल विकला असता तर परदेशातनं गिऱ्हाईक आलं असतं. त्यांनी तो लोकांसाठी ठेवला. आज तिथं २०,००० च्या वर वस्तू आहेत. जागेअभावी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात.

संग्रहालयात मस्तानी महालही आहे. थोरल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला वाडा बांधला होता. तो मोडकळीला आल्यावर त्याचे उरलेले भाग आणून केळकरांनी संग्रहालयात पुन्हा जोडले. पडक्या वाड्याचं लाकूड चुलीत किंवा नव्या बांधकामाच्या सेंट्रिंगला जातं, हे आपण गावोगाव बघतो. इथं ते लाकूड पुन्हा महाल म्हणून उभं आहे.

१७ एप्रिल १९९० ला, वयाच्या ९४ व्या वर्षी केळकर गेले.

वस्तू गावातनं गेली, हे बरं की वाईट?

एक प्रश्न मनात येतोच. गावातल्या वस्तू पुण्याला गेल्या. गावाला काय राहिलं? प्रश्न चुकीचा नाही. वस्तू आपल्या जागेवर शोभते. समई देव्हाऱ्यापुढं शोभते, काचेच्या पेटीत नाही.

पण खरं बघितलं तर तिला दोनच वाटा होत्या. संग्रहालय नाहीतर भट्टी. भट्टीत गेलेला अडकित्ता परत कुणाला दिसत नाही. पुण्यात असलेला अडकित्ता निदान आपली नात सहलीला गेल्यावर बघू शकते.

तिसरी वाट म्हणजे घरातच जपणं. ती आपल्या हातात आहे, आणि तीच वेगानं बंद होतेय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ, करवीर, हातकणंगले भागात मातीच्या भिंतींची किती घरं बसली हे वेगळं सांगायला नको. घर गेलं, त्याबरोबर माळ्यावरचं सामानही गेलं. जिथं पाणी आलं नाही तिथं स्लॅबचं घर आलं, अन् जुन्या सामानाला जागा राहिली नाही.

आपण जुनं म्हटलं की शिवकाळापर्यंत जातो. पण आजोबांच्या काळातलंही आता जुनं झालंय. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील एके काळी आपल्या भागात घरोघरी होता. गोटीची सोड्याची बाटली, चिनी मातीची बरणी, वेताची खुर्ची, हात लांबलेली आरामखुर्ची, काचेच्या हंड्या. १९५०-६० सालचा हा माल आज शहरातली माणसं शोधत फिरतात. हॉटेलात, फ्लॅटमध्ये मांडतात. आपल्याकडनं किलोवर घेतलेली वस्तू पुढं कितीला विकली जाते, हे विकणाऱ्याला कधीच कळत नाही.

आपण काय करायचं

प्रत्येकानं संग्रहालय काढावं असं कुणी म्हणत नाही. पण एवढं तर जमंल. मोडीत घालायच्या आधी मोबाईलवर वस्तूचा फोटो काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे काय म्हणायचं, कुठनं आलं, कशाला वापरत होता. ते सांगत असताना रेकॉर्ड करा. वस्तू गेली तरी तिचं नाव राहील. आणि नाव गेलं तर वस्तू असूनही मुकी होते. केळकरांच्या काळी हातात मोबाईल नव्हता, आपल्या हातात आहे.

पितळ उजळायला ॲसिड लावू नका, त्यानं बारीक नक्षी मरते. चिंच अन् मऊ कापड पुरतं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते भिंतीपासून आणि जमिनीपासून थोडं सुटं ठेवा.

कायद्याचंही थोडं बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरच्या मूर्ती, कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तूत धरल्या जातात, तर जुन्या हस्तलिखितांना ७५ वर्षांची अट आहे. त्या खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, अन् त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. जमिनीत नांगरताना काही सापडलं तर तहसील कार्यालयात कळवायचं. ते लपवणं गुन्हा आहे.

पुण्याला दवाखान्याच्या किंवा कोर्टाच्या कामाला गेलात अन् दोन तास मोकळे मिळाले, तर शुक्रवार पेठेत जाऊन या. आपल्या कणेरीच्या सिद्धगिरी संग्रहालयात गावगाडा पुतळ्यांतून उभा केलाय. पुण्यात त्याच गावगाड्यातल्या खऱ्या वस्तू बघायला मिळतील. घरातल्या बायकांनाही संगं न्या. कुठला साचा कशाचा, हे त्या पाटी न वाचता सांगतील. आणि आत शिरताना दारावरचं नाव वाचून पोरांना सांगा, हा कुठला राजा नाही, हा एका बापाचा मुलगा आहे.